मागचं चाक थोरलीचं

धारवाडात नोकरी लागली आणि मी खोली शोधायला निघालो. कोणीतरी अण्णांचं घर दाखवलं. अण्णा ओसरीवर उभे होते. मी नमस्कार केला, शाळेचं नाव सांगितलं, इतिहास शिकवतो म्हणून सांगितलं. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. म्हणाले, "जरा पाठ फिरवा बघू."

मला वाटलं, मागं कोणी आलंय. वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. "तसेच राहा," अण्णा म्हणाले. माझ्या कोटाची पाठ, टोपीखालची मान, वहाणांच्या झिजलेल्या टाचा असं सगळं त्यांनी सावकाश पाहिलं आणि मग म्हणाले, "खोली मिळेल. पुढून माणूस कपडे घालतो, मास्तर. मागून तो जसा असतो तसा दिसतो."

त्या दिवशी मला हे वाक्य फार खोल वाटलं. वय लहान होतं. पुढं त्यांच्या तोंडून तेच वाक्य भाजीवालीबद्दल, जिल्हा न्यायाधीशांबद्दल आणि एका म्हशीबद्दल ऐकलं, तेव्हा त्यातली खोली बरीच कमी झाली.

अण्णा वकील होते. म्हणजे सनद होती, काळा कोट होता, आणि वडिलांनी मागं ठेवलेली शेती होती, त्यामुळे कोर्टात जाण्याची निकड नव्हती. कधी गेलेच तर प्रतिपक्षाच्या वकिलाचं भाषण संपत आलं की खुर्ची पुढं ओढून बसत. आधीचं सगळं भाषण म्हणजे नुसतं पुढचं मडगार्ड, असं त्यांचं म्हणणं. अशा ऐकण्यानं ते दावे हरत, आणि हरले की न्यायाधीशाला मागून पाहिल्याचं सांगत.

घरात एक खुर्ची होती, पाहुण्यांसाठी. ती मुळात साधी, बुटकी, बरी खुर्ची असावी. अण्णांनी लिलावात एक मोठी मोडकी खुर्ची घेतली, तिचे मागचे दोन भक्कम शिसवी पाय काढले आणि या बुटक्या खुर्चीला मागं बसवले. झालं असं, की खुर्ची मागून उंच आणि पुढून खाली. बसणारा हळूहळू पुढं घसरत येई आणि दोन्ही पाय जमिनीत रोवून स्वतःला थोपवून धरी. एकदा मी म्हटलं, "अण्णा, मागचे पाय थोडे कापले तर?"

"का म्हणून?"

"बसणारा घसरतो."

"बसणारा सावध राहतो," अण्णा म्हणाले. "आणि लवकर उठतो."

यातला दुसरा भाग खरा होता. त्या घरी कोणी फार वेळ बसत नसे.

हे सगळं चाललं असतं. खुर्चीनं कुणाचं काय बिघडतंय? पण अण्णांकडे मोटरसायकल होती.

बदली होऊन चाललेल्या एका गोऱ्या जंगल-अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतलेली. हलकी, लहान इंजिनाची, काळ्या टाकीवर सोनेरी रेघ असलेली. मी राहायला गेलो तेव्हा ती उत्तम चालत होती, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं अण्णा सगळ्यांना सांगत की ती मुळातच अशक्त होती. ती अशक्त नव्हती. तिच्यावर बसून ते सकाळी केलगेरीच्या तळ्यापर्यंत जात, तळ्याला एक वळसा घालत आणि चहाच्या वेळेला परत येत. अक्का, म्हणजे त्यांची बायको, गाडीचा आवाज वळणावर ऐकला की चहाचं आधण ठेवी. आवाज आणि आधण यांचा मेळ कधी चुकत नसे. चांगल्या यंत्राबद्दल याहून जास्त काय सांगायचं?

मग बेळगावच्या कॅम्पात त्याच कंपनीची दुसरी, मोठी मोटरसायकल मोडून पडल्याचं अण्णांना कळलं. ती पुढून बैलगाडीवर आदळली होती. पुढचं चाक वेडंवाकडं, पुढचा चिमटा मोडलेला, दिव्याचा चुरा. इंजिन मात्र शाबूत आणि धाकटीपेक्षा दुप्पट ताकदीचं. अण्णांनी ती मालगाडीनं आणवली आणि अंगणात चिंचेखाली उभी केली. पहिलीला ते 'धाकटी' म्हणू लागले, हिला 'थोरली'.

माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तरालाही वाटलं, की धाकटीचा नाही तर आणखी कुठला तरी पुढचा भाग मिळवून आता थोरली चालू करतील. तसं म्हटलंही.

अण्णांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "मास्तर, तुम्ही लढाया शिकवा. गाडीला ढकलतं कोण? मागचं चाक. थांबवतं कोण? मागचा ब्रेक. पुढचं चाक नुसतं वाट दाखवतं, ते गाईडाचं काम. थोरलीचं मागचं अंग मी धाकटीला देणार. बढती आहे ही तिची." आणि मग कानडीत, ठरलेल्या सुरात, "हिंद गट्टि इद्र मुंद चिंति इल्ल." मागं घट्ट असलं की पुढं चिंता नाही. ही म्हण त्यांनी स्वतःच तयार केली होती, पण सांगताना 'आपल्या भागात म्हणतात' असं म्हणत. आपल्या भागात तसं कोणी म्हणत नव्हतं.

थोरलीचं शाबूत इंजिन चिंचेखाली गंजायला ठेवून अण्णांनी तिचं मागचं सगळं काढलं. चाक, रुंद टायर, ब्रेकचा मोठा ड्रम, चेनचं दातेरी चक्र, मडगार्ड, कॅरिअर, इतकंच काय, स्टँडसुद्धा. धाकटीचा मागचा चिमटा अर्थातच अरुंद. तो लाकडी पाचर मारून फाकवला. चाक बसलं, पण मधोमध नाही, डावीकडं सरकून. ब्रेकचा दांडा आखूड पडला म्हणून जाड तारेनं जोडला. आणि दातेरी चक्र थोरल्या इंजिनाच्या ताकदीच्या हिशेबानं केलेलं, दाते कमी. ते फिरवायला धाकटीच्या इंजिनाला दम लागू लागला. चेन सरळ रेषेत न राहता तिरकी धावू लागली. हे सारं करताना अण्णांचा चेहरा देवाला अभिषेक करणाऱ्यासारखा असे. हातात कानस, कपाळाला काळं, आणि अक्का दारात उभी.

"एनरी, अहो, जेवायचं?" अक्का विचारी.

"ही चेन जागेवर बसली की."

ती जागेवर कधीच बसली नाही. अक्का जेवण झाकून ठेवी.

पाऊस होऊन गेला की गल्लीच्या ओल्या मातीत त्या गाडीच्या दोन चाकांचे दोन वेगळे माग उमटत, शेजारी शेजारी. पुढचं चाक एकीकडं, मागचं दुसरीकडं. सपाट रस्त्यावर ती बरी जाई. उतारावर ती खरोखरच पूर्वीपेक्षा वेगानं पळे, आणि त्या उताराचं कौतुक अण्णा आठवडाभर करत. चढ आला की मात्र ती धापा टाकून उभी राही, आणि कॅरिअरवर बसलेल्या माणसाला उतरून ढकलावं लागे. त्या कॅरिअरवर बसण्याचा मान बहुधा मला मिळे.

एका रविवारी त्यांनी मला हुबळीला नेलं. जाताना बहुतेक उतार, तेव्हा आम्ही ऐटीत पोचलो. बाजारात एका कापडाच्या दुकानासमोर चेन पडली. अण्णांनी गाडी स्टँडवर लावली. स्टँड थोरलीचा, उंच, त्यामुळे मागचं चाक हवेत आणि गाडी नाक जमिनीत खुपसून उभी. दहा-पंधरा माणसं जमली. माणसं जमली की अण्णांना चेन आठवत नसे. मागचा ड्रम किती इंची, टायर किती रुंद, धाकटीला ही बढती कशी दिली, हे सगळं त्यांनी अर्धं कानडीत, अर्धं मराठीत सांगितलं. चेन मी चढवली. हात काळे झाले. दुकानातल्या एका गृहस्थांनी माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "हे कोण? मेकॅनिक?"

"नाही नाही," अण्णा म्हणाले. "हे मास्तर. भाडेकरू आहेत."

परतताना नवलूरच्या पुढच्या चढावर मी ढकलत होतो आणि अण्णा हँडल धरून बसले होते, कारण चालवणारा उतरला तर तोल जातो असं त्यांचं शास्त्र होतं. मागं वळून म्हणाले, "बघा मास्तर, ढकलताना हाताला कसं भक्कम लागतं. पूर्वीचं मडगार्ड असतं तर वाकलं असतं."

मी दुसऱ्या दिवसापासून सायकल घेऊन फिरू लागलो.

अक्कांबद्दल सांगायला हवं. बाई ठेंगणी, चपळ, कमी बोलणारी. मूलबाळ नव्हतं. माहेर अळणावरचं. वडील, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, स्टेशनामागच्या घरात धाकट्या मुलाबरोबर राहत. आई पूर्वीच गेलेली. अप्पांनीच मुलीला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या. हे अक्का क्वचित सांगे, पण सांगताना तिचा आवाज वेगळा लागे. मोटरसायकलवर ती कधी बसली नव्हती. अण्णा म्हणत, "हे कॅरिअर तुझ्यासाठी बसवलंय." ती म्हणे, "असू दे की."

एका संध्याकाळी अळणावरहून तार आली. अप्पांची प्रकृती बिघडली आहे, ताबडतोब निघा. धाकट्या भावानं केलेली. सकाळी एक आगगाडी होती. अक्कांनी बोचकं बांधलं, त्यात अप्पांसाठी घेऊन ठेवलेलं नवं धोतर ठेवलं. मी पहाटे उठून टांगा सांगून आलो.

टांगा दाराशी आला तेव्हा अण्णा गाडी अंगणाबाहेर काढून उभे होते. कॅरिअरवर उशी बांधलेली.

"टांगा परत पाठवा, मास्तर."

"अहो, गाडीची वेळ झालीय," अक्का म्हणाली.

"ती आगगाडी मुगदला थांबणार, आणखी कुठं थांबणार, पाणी घेणार. आपण सरळ रस्त्यानं तिच्या आधी पोचतो."

मी म्हणालो, "अण्णा, आज टांगाच बरा. तिथं माणूस आजारी आहे."

"म्हणूनच," अण्णा म्हणाले. "आजारी माणसाकडं लवकर पोचायला नको? हे चाक मी काय स्वतःला मिरवायला बसवलंय?"

याच कारणासाठी बसवलं होतं, पण ते कोण बोलणार? अक्का एकदा टांग्याकडं, एकदा नवऱ्याकडं पाहत उभी राहिली. टांगेवाल्यासमोर, शेजाऱ्यांसमोर नवऱ्याशी वाद घालणारी ती बाई नव्हती. ती बोचकं मांडीवर घेऊन कॅरिअरवर बसली. नऊवारी सावरून, एका बाजूला पाय सोडून. एका हातानं उशीची दोरी घट्ट धरली. अण्णांच्या कोटाला तिनं हात लावला नाही. गाडी केलगेरीच्या रस्त्याला लागली आणि उतारावर झपाट्यानं दिसेनाशी झाली.

दुपारी शाळा सुटायच्या आधी एक गाडीवान माझ्याकडं आला. त्याला अण्णा निगदीच्या अलीकडं रस्त्यात भेटले होते. निरोप असा: लहान कानस, चेनची जादा कडी आणि तेलाची बुधली घेऊन मास्तरांनी दुपारच्या आगगाडीनं अळणावरला यावं. अप्पांबद्दल, अक्कांबद्दल एक शब्द नाही.

मी गेलो. कानस, कडी आणि बुधली पिशवीत घालून गेलो. स्टेशनामागच्या घराशी पोचलो तर माणसं नदीवरून परत येऊन ओल्या धोतरांनी पायऱ्यांवर बसली होती. धाकटा भाऊ मला ओळखत होता. तो म्हणाला, "दुपारी बारापर्यंत होते, मास्तर. अक्का दोनाला आली. लाकडाच्या गाडीतून. तोंड बघायला मिळालं तेवढंच."

अक्का आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. साडीवर लाकडाचा भुसा होता. मला पाहून तिनं नुसती मान हलवली.

रस्त्यात काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. निगदीच्या अलीकडं चढ लागला. अण्णांनी जोर दिला. चेन उडाली आणि चक्र आणि चिमटा यांच्या मधे अशी रुतली की चाक जागेवरच आवळलं. अण्णा खाली बसले. पुसायला फडकं हवं होतं. त्यांनी तिच्या बोचक्यातून अप्पांचं नवं धोतर काढलं आणि हातातलं तेल पुसलं. ती म्हणाली, "अहो, ते अप्पांचं." ते म्हणाले, "दुसरं घेऊ."

"पाच मिनिटं," असं ते कितीतरी वेळ म्हणत राहिले. मग झाडीपलीकडून आगगाडी गेल्याचा आवाज आला. अण्णांनी मान वर करून ऐकलं. "बघ," ते म्हणाले, "आपण तिच्या पुढं होतो की नाही."

त्यानंतर लाकडं घेऊन जाणारी एक बैलगाडी आली. अक्कांनी हात करून ती थांबवली आणि कुणाला न विचारता ओंडक्यांवर चढून बसली. लग्नानंतर नवऱ्याला न विचारता केलेली ती पहिली गोष्ट असावी. "मी पुढं होते," ती म्हणाली. अण्णा चक्राकडं पाहत म्हणाले, "हो हो. मी आलोच मागून."

ते दिवेलागणीला आले. गाडी ढकलत आले. पायऱ्यांवरची माणसं उठून उभी राहिली. धाकटा भाऊ पुढं गेला, म्हणाला, "भावजी, अप्पा गेले."

अण्णा थांबले. हाताला तेल, चेहऱ्याला धूळ. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं थकलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं, आता हा माणूस माणसासारखं काहीतरी बोलेल. गाडी सोडून देईल, आत जाईल, बायकोशेजारी बसेल. दारातून अक्का दिसत होती. तिनंही मान वर केली होती.

अण्णा म्हणाले, "वाटेत कळलं. चेन रुतली हो. नाहीतर आगगाडीच्या आधी पोचलो असतो. चाकाचा काही दोष नाही."

मग त्यांना माझ्या हातातली पिशवी दिसली. "कडी आणली का, मास्तर?"

मी पिशवी दिली. ते तिथंच, दाराबाहेर, कंदील मागवून कामाला बसले. अक्का उठली आणि तिनं आतलं दार लोटून घेतलं.

पुढचे दिवस अण्णा सासुरवाडीतच राहिले. दुखवट्याला येणारी माणसं आधी अण्णांच्या हाती लागत. त्यांना चेनची हकीगत ऐकावी लागे. तिरक्या चेनीनं काय होतं, आणि थोरलीचा गिअरबॉक्सही बसवला असता तर ते कसं टळलं असतं, हे ऐकूनच माणसं आत जात. एक म्हातारे गृहस्थ तर अप्पांना मोटरसायकलचा अपघात झाला असं समजून रडले. अण्णांनी त्यांची समजूत काढली नाही. बहुधा त्यांच्या लक्षातच आलं नाही.

तेराव्याला मी पुन्हा गेलो. जेवणं झाली, माणसं पांगली. अण्णांनी गाडी दाराशी आणून उभी केली. पुसून लख्ख केली होती. उशी पुन्हा बांधलेली.

"चल," ते म्हणाले. "आता चेन सरळ बसलीय. वाटेत कुठं थांबायला नको."

अक्का बोचकं घेऊन बाहेर आली. शेजारच्या बायका दारात होत्या, भाऊ होता, मी होतो.

"तुम्ही या," ती म्हणाली. "मी मास्तरांबरोबर आगगाडीनं जाते."

आवाज चढलेला नव्हता. पण तो सगळ्यांना ऐकू गेला. अण्णा क्षणभर तिच्याकडं आणि मग चेनीकडं पाहत राहिले. जणू तिथंच काहीतरी राहून गेलं असावं.

"बरं," ते म्हणाले. "बघू कोण आधी पोचतं."

आगगाडीत गर्दी नव्हती. अक्का खिडकीशी बसली, मी समोर. गावाबाहेर रस्ता रुळांना ओलांडतो, तिथलं फाटक बंद होतं. फाटकाला बैलगाड्या थांबल्या होत्या, आणि त्यांच्या पुढं अण्णा, गाडीवर बसून, एक पाय जमिनीला टेकवून. त्यांनी आम्हाला पाहिलं. तोंड भरून हसले. हात वर केला आणि मग बोटानं मागच्या चाकाकडं दाखवलं, ठीक चाललंय म्हणून.

मी हात हलवला. अक्कांनी हलवला नाही. फाटक मागं गेलं, शेतं लागली. खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "मास्तर, त्या दिवशी सकाळची आगगाडी वेळेवर आली होती."

"हो का?"

"भाऊ सांगत होता. अप्पांचे डोळे मिटलेले होते, पण शुद्ध होती. स्टेशनात शिट्टी झाली तशी म्हणाले, आली बघ ती. पाट मांड म्हणाले. मग भावानं दोनदा दारात जाऊन बघितलं. अप्पांनी विचारलं, आली का? तो म्हणाला, आली, पाय धुतेय."

तिनं पदरानं तोंड पुसलं नाही की काही नाही. धूर आत येत होता. तिनं उठून खिडकीची झडप खाली ओढली आणि धारवाड येईपर्यंत ती तशीच ठेवली.